बोर्डावर बाई आली की नफा वाढतो का?

फोंड्यातल्या एखाद्या दुकानदाराचे आयकर विवरणपत्र पाहा. धंद्याचे उत्पन्न निम्मे त्याच्या नावावर, निम्मे बायकोच्या. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेमुळे, लग्नाआधी वेगळा करार नसेल तर, मालमत्ता दोघांची असते आणि आयकर कायद्यात पगार सोडून बाकी उत्पन्नाची अशी वाटणी आहे. मालकी निम्मी. निर्णयाच्या खुर्चीचे काय?

महिला संचालक असलेल्या कंपन्या जास्त कमावतात, हे आपण भाषणांत नेहमी ऐकतो. पण भरभराटीला आलेली मोठी कंपनीच बाईला बोर्डावर, म्हणजे संचालक मंडळावर, घेत असेल, तर आधी काय झाले, नफा की नेमणूक? हे कळायला बदल कंपनीच्या मर्जीबाहेर व्हावा लागतो. नॉर्वेने २००३ साली कायदा करून सार्वजनिक मर्यादित (पब्लिक लिमिटेड) कंपन्यांना सुमारे ४० टक्के महिला संचालकांची सक्ती केली. २००८ पासून न पाळणाऱ्यांवर कंपनी बंद होण्याची टांगती तलवार होती. अहर्न आणि डिटमार या अभ्यासकांना २०१२ साली या कंपन्यांचे बाजारमूल्य घसरलेले दिसले. पुढे एक्बो आणि सहकाऱ्यांनी पुन्हा तपासले, तर ठळक परिणाम उरला नाही. पोस्ट आणि बायरन यांनी २०१५ साली १४० अभ्यास एकत्र मांडले: ताळेबंदातल्या नफ्याशी किंचित अनुकूल संबंध, शेअर बाजारातल्या कामगिरीशी जवळपास शून्य.

मला जास्त बोलका वाटतो तो अ‍ॅडम्स आणि फरेरा यांचा २००९चा अमेरिकी अभ्यास. बायका बैठका कमी चुकवतात. त्या असल्या की पुरुषांचीही हजेरी सुधारते! शेअर पडला तर सीईओची खुर्ची लवकर हलते. जिथे देखरेख ढिली, तिथे याचा फायदा. जिथे ती आधीच कडक, तिथे जादा पहारा उलट जाचतो.

भारतात २०१३च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना किमान एक महिला संचालक सक्तीची केली. अनेक प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनी ज्यांच्या ताब्यात असते त्यांनी, घरातलीच बाई बसवली. मग शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने स्वतंत्र, म्हणजे प्रवर्तकांच्या नात्यातली नसलेल्या, महिला संचालकाची अट घातली: एप्रिल २०१९ पासून आघाडीच्या ५०० कंपन्यांना, २०२० पासून १००० कंपन्यांना.

घरातली म्हणजे नामधारीच, असे मात्र मी गोव्यापुरते पटकन म्हणणार नाही. निम्मा पैसा जिचा, ती हिशेब जास्त कसून तपासेल की नवऱ्यावर सोडून देईल? शोधायचे तर अडचण एवढीच, की खासगी मर्यादित कंपन्यांना ही सक्ती लागू नाही आणि आपल्याकडचे बहुतेक घरगुती धंदे तर कंपनीसुद्धा नाहीत.