आतड्यांचा दाहविकार आणि जिवाणू

आतड्यांच्या आतल्या अस्तराला सूज येते, जखमा होतात, काही महिने सगळे शांत होते आणि मग आजार पुन्हा उफाळतो. अशा वर्षानुवर्षे चालणाऱ्या आजारांच्या गटाला आतड्यांचा दाहविकार म्हणतात. दवाखान्यात आणि रुग्णांच्या तोंडी मात्र 'आयबीडी' (इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज) हेच नाव रुळले आहे. त्याचे मुख्य प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिस हा मोठ्या आतड्याचा आजार. तो गुदाशयापासून सुरू होऊन वर चढतो आणि बहुधा अस्तरापुरताच राहतो. क्रोन्स डिसीज तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो. लहान आतड्याचा शेवटचा भाग ही त्याची आवडती जागा. तो आतड्याच्या भिंतीत खोलवर शिरतो, त्यामुळे आतडे आकसते किंवा त्याला भगेंद्रासारख्या वाटा फुटतात. शौचावाटे रक्त आणि आव पडणे, पोटात कळ येणे, वजन उतरणे, अंगात कसकस राहणे ही नेहमीची लक्षणे. नावाच्या साधर्म्यामुळे 'आयबीएस'शी (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) याची गल्लत होते. आयबीएसमध्ये आतड्याला जखमा नसतात, इथे असतात.

या आजारात जिवाणूंचा हात आहे का, हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. आजचे उत्तर 'आहे' असेच द्यावे लागते, पण तो हात कॉलरा किंवा विषमज्वराच्या जंतूसारखा नाही. बाहेरून एक जंतू आला, त्याने रोग केला, औषधाने तो मेला आणि रुग्ण बरा झाला, इतके हे सरळ नाही. आतड्यात कायम राहणाऱ्या जिवाणूंशी शरीराचे जे सामंजस्य असते ते इथे बिघडलेले असते. आयबीडी संसर्गजन्य नाही आणि रुग्णाच्या ताटात जेवल्याने तो कोणाला होत नाही, हे घरातल्यांना स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण 'जिवाणू' हा शब्द ऐकताच लोक भांडी वेगळी करू लागतात.

माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असल्याचा अंदाज २०१६ साली मांडला गेला. शरीराच्या स्वतःच्या पेशी साधारण ३० लाख कोटी धरल्या जातात, म्हणजे हिशेब जवळजवळ बरोबरीचा. यातले बहुतेक जिवाणू मोठ्या आतड्यात असतात. एवढी दाट वस्ती आणि तिच्यापासून काही केसांच्या जाडीइतक्या अंतरावर आपली प्रतिकारशक्ती, तरीही निरोगी माणसात दाह होत नाही. त्याचे मोठे कारण म्हणजे अस्तरावरचा बुळबुळीत थर. मोठ्या आतड्यात हा थर दुपदरी असतो. वरचा पदर सैल, त्यात जिवाणू सुखाने राहतात. आतला पदर घट्ट, आणि निरोगी आतड्यात तो जवळजवळ जिवाणूविरहित असतो. जिवाणूंना चमकता रंग देऊन आतड्याचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर एका बाजूला रंगाची गर्दी, मध्ये काळी रिकामी पट्टी आणि पलीकडे पेशींची रांग असे चित्र दिसते. दाहविकारात ही काळी पट्टी पुसट होते आणि जिवाणू थेट पेशींना जाऊन भिडतात. हा थर ज्या प्रथिनापासून बनतो ते ज्या उंदरांत तयारच होत नाही, त्यांना आपोआप कोलायटिस होतो.

जिवाणूंच्या सहभागाचा माणसांतला सर्वांत बोलका पुरावा बेल्जियममधल्या ल्युव्हेन इथून आला. क्रोन्सच्या रुग्णाचा आजारी भाग कापून आतडे पुन्हा जोडले की बहुतेकांत जोडाच्या वरच्या बाजूला काही महिन्यांत पुन्हा जखमा दिसू लागतात. पॉल रटगर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच रुग्णांत जोडाच्या वर पोटावर तात्पुरती वाट काढली, म्हणजे आतड्यातला माल जोडापर्यंत पोचण्याआधीच पिशवीत जाऊ लागला. सहा महिन्यांनी पाहिले तर पाचांपैकी एकाच्याही जोडाजवळ आजार परतला नव्हता. ज्यांना अशी वाट केली नव्हती अशा ७५ पैकी ५३ जणांत तो परतला होता. मग ती वाट बंद करून माल पुन्हा नेहमीच्या मार्गाने सोडला आणि पुढच्या सहा महिन्यांत पाचही जणांत जखमा उमटल्या. हे निष्कर्ष १९९१ साली छापून आले. पुढे १९९८ साली याच गटाने तीन रुग्णांत पिशवीतला द्रव बंद ठेवलेल्या आतड्यात आठ दिवस सोडून पाहिला, तर तेवढ्यातच तिथे दाहक पेशी जमू लागल्या. मालात अन्न, पित्त आणि जिवाणू हे सगळेच असते, त्यामुळे एकट्या जिवाणूंवर बोट ठेवता येत नाही हे खरे. पण याला जोडून प्राण्यांवरचे प्रयोग पाहिले की शंका बरीच कमी होते. इंटरल्युकिन-१० हा दाह आवरणारा रेणू ज्या उंदरांत बनत नाही, त्यांना कोलायटिस होतो. तेच उंदीर जन्मापासून पूर्ण जंतुविरहित पेटीत वाढवले तर त्यांचे आतडे निरोगी राहते. दोष जनुकात असतो, पण जिवाणू नसतील तर तो उमटत नाही.

एका गुन्हेगार जंतूचा शोधही पुष्कळ झाला. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या बार्गन यांनी १९२४ साली अल्सरेटिव्ह कोलायटिसचे कारण म्हणून एका जोडगोल जिवाणूचे नाव पुढे केले, पण ते टिकले नाही. अधिक चिवट ठरली ती गुरांच्या आजाराशी जोडलेली कल्पना. गुरांना आणि शेळ्यामेंढ्यांना आतड्याचा एक झिजवणारा आजार होतो. जनावर खात असते पण हगवण थांबत नाही, आणि ते नुसता सापळा होऊन जाते. जर्मनीत योने आणि फ्रॉदिंगहॅम यांनी तो १८९५ साली वर्णन केला. ग्लासगोचे शल्यविशारद केनेडी डॅल्झिएल यांनी १९१३ साली माणसांतल्या आतड्याच्या अशाच सुजेच्या केसेस मांडल्या आणि हे आतडे गुरांच्या त्या आजारातल्या आतड्यासारखेच दिसते, असे नमूद केले. न्यूयॉर्कमध्ये क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर यांचा लेख आला तो त्यानंतर जवळपास दोन दशकांनी, १९३२ साली. आजाराला नाव मात्र क्रोन यांचे मिळाले.

गुरांचा तो जंतू क्षयाच्या जंतूच्या कुळातला. 'मायकोबॅक्टेरियम एव्हियम पॅराट्युबरक्युलोसिस' हे त्याचे लांबलचक नाव, संशोधक त्याला 'मॅप' म्हणतात. १९८४ साली क्रोन्सच्या रुग्णांच्या आतड्यातून तो वाढवल्याचे प्रसिद्ध झाले आणि दुधातून हा आजार येतो का, अशी चर्चा सुरू झाली. या कल्पनेची खरी परीक्षा ऑस्ट्रेलियात झाली. २१३ रुग्णांना क्लॅरिथ्रोमायसिन, रिफाब्युटिन आणि क्लोफाझिमिन (आपल्याकडे कुष्ठरोगाच्या उपचारातले ओळखीचे औषध) ही तीन औषधे किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी दोन वर्षांपर्यंत देण्यात आली. सोबत सुरुवातीला सर्वांनाच स्टेरॉइड होते. सोळाव्या आठवड्यात औषध घेणाऱ्यांपैकी ६६ टक्के आणि निष्क्रिय गोळीवाल्यांपैकी ५० टक्के रुग्ण शांत अवस्थेत होते. पुढे हा फरक टिकला नाही. २००७ साली हे निकाल आले तेव्हा मॅपच्या बाजूचे लोक निराश झाले. सुरुवातीचा फायदा मॅप मेल्यामुळे नसून प्रतिजैविकांनी एकूणच जिवाणू कमी केल्यामुळे असावा, हे स्पष्टीकरण अधिक पटते.

क्षयाच्या कुळाशी असलेले हे साम्य भारतातल्या रुग्णांसाठी ग्रंथातली गोष्ट नाही. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दोघेही लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावर बसतात. ताप, वजन घटणे, उजव्या कुशीत खालच्या बाजूला दुखणे, कोलोनोस्कोपीत म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बीण-तपासणीत दिसणाऱ्या जखमा, आतड्याच्या काढलेल्या तुकड्याच्या तपासणीत सापडणाऱ्या पेशींच्या गाठी, सगळे सारखे. टीबीचा जंतू तुकड्यात सापडला तर प्रश्न मिटतो, पण पुष्कळदा तो सापडत नाही. मग डॉक्टर 'एकेटी' म्हणजे टीबीची औषधे सुरू करतात आणि दोनतीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून जखमा भरल्या का ते पाहतात. जखमा भरल्या तर टीबी, औषधांचा कोर्स पुरा करायचा. नाही भरल्या तर क्रोन्सकडे वळायचे. इथे रुग्णाच्या 'आता बरे वाटतेय' या शब्दावर भिस्त ठेवणे धोक्याचे. क्रोन्सच्या रुग्णालाही एकेटीवर काही दिवस बरे वाटू शकते, जखमा मात्र तशाच राहतात. उशीर झाला तर क्रोन्समध्ये आतडे आकसत जाते. उलट टीबी असताना क्रोन्स समजून स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिली तर टीबी अंगभर पसरू शकतो. दोन्ही बाजूंनी चूक महाग पडते, म्हणून दुसरी कोलोनोस्कोपी टाळू नये.

मग सामंजस्य बिघडते कशाने? एक धागा जनुकांचा आहे. २००१ साली दोन स्वतंत्र गटांनी 'नॉड-२' या जनुकाचा क्रोन्सशी संबंध दाखवला. हे जनुक जिवाणूच्या भिंतीचा एक तुकडा ओळखणाऱ्या प्रथिनाचे आहे. क्रोन्सचे पहिले सापडलेले मोठे जनुक जिवाणू ओळखण्याचेच निघावे, ही गोष्ट पुष्कळ काही सांगून जाते. युरोपीय रुग्णांत आढळणारे त्यातले नेहमीचे बदल भारतीय रुग्णांत मात्र क्वचितच दिसतात, तरी आजार होतोच, म्हणजे नॉड-२ ही एकच वाट नव्हे.

दुसरा धागा वस्तीच्या बदलाचा. आयबीडीच्या रुग्णांत जिवाणूंचे वैविध्य घटते. 'फीकॅलिबॅक्टेरियम प्रॉस्निट्झी' हा तंतुमय अन्नापासून ब्युटिरेट तयार करणारा जिवाणू अनेक क्रोन्स रुग्णांत कमी झालेला असतो, आणि ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या पेशींचे मुख्य इंधन. शस्त्रक्रियेच्या वेळी हा जिवाणू कमी असलेल्यांत आजार परतण्याची शक्यता जास्त, असे फ्रान्समधल्या संशोधकांनी २००८ साली दाखवले. त्याच देशात क्लेरमाँ-फेराँ इथे आर्लेट दार्फय-मिशो यांच्या गटाला क्रोन्सच्या रुग्णांच्या लहान आतड्यात ई. कोलाय या आतड्यातल्या नेहमीच्या जिवाणूची एक वेगळी जात भेटली. ती अस्तराला चिकटते, पेशीत शिरते आणि ज्या भक्षक पेशी जंतू गिळतात त्यांच्याच पोटात जिवंत राहते.

पण हे बदल दाहाचे कारण की परिणाम? सुजलेल्या, रक्ताळलेल्या आतड्यात ई. कोलायच्या कुळाला मोकळे रान मिळते आणि प्राणवायू न सोसणारे जिवाणू मरतात, म्हणजे आजारच वस्ती बदलतो. औषध सुरू होण्याआधीच्या मुलांच्या अभ्यासातही ही विस्कट दिसली, तेव्हा ती निव्वळ औषधांची करणी नाही एवढे नक्की. दोन्ही गोष्टी एकमेकींना खतपाणी घालतात, असे मानणे मला सयुक्तिक वाटते.

उपचारांत जिवाणूंचा विचार अजून मर्यादितच उपयोगी पडला आहे. कोलायटिसमध्ये मोठे आतडे काढून लहान आतड्याचीच पिशवी केलेल्या रुग्णांत त्या पिशवीला दाह होतो, तो मेट्रोनिडॅझोल किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकांनी बहुधा आटोक्यात येतो. पहिल्या महायुद्धात अल्फ्रेड निस्ले यांनी १९१७ साली हगवण न लागलेल्या एका सैनिकाच्या विष्ठेतून वेगळा केलेला ई. कोलाय आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो, आणि कोलायटिस शांत ठेवण्यात तो मेसालाझिन या कोलायटिसच्या नेहमीच्या औषधाच्या तोडीचा ठरला आहे. आपल्याकडे प्रत्येक रुग्णाला कोणी ना कोणी ताक पिण्याचा सल्ला देतेच. पचत असेल तर ताकाला हरकत नाही, पण दह्याताकातल्या किंवा बाजारातल्या प्रोबायोटिकमधल्या जिवाणूंनी क्रोन्स आटोक्यात राहतो असा भरवशाचा पुरावा नाही, आणि त्यावर विसंबून गोळ्या बंद करणे तर मुळीच नको.

निरोगी दात्याची विष्ठा गाळून रुग्णाच्या आतड्यात सोडण्याची पद्धत ऐकायला किळसवाणी वाटली तरी तिचा गंभीरपणे अभ्यास चालू आहे, पंजाबात लुधियाना इथेही. कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये कोलायटिसच्या ७५ रुग्णांना सहा आठवडे आठवड्याला एकदा विष्ठेचा किंवा नुसत्या पाण्याचा एनिमा दिला गेला. सातव्या आठवड्यात विष्ठा घेतलेल्यांपैकी ९ आणि पाणी घेतलेल्यांपैकी २ रुग्ण शांत अवस्थेत होते. त्या ९ पैकी ७ जणांना मिळालेली विष्ठा एकाच दात्याची होती. त्यामुळे दाता कोण हे आता महत्त्वाचे झाले आहे, आणि त्याची तपासणीही: २०१९ साली अमेरिकेत औषधांना न जुमानणारा ई. कोलाय दात्याच्या विष्ठेतून गेल्याने एक रुग्ण दगावला. तेव्हापासून तिथे दात्याची अशा जंतूंसाठी चाचणी करणे बंधनकारक आहे.