कापलेला नकाशा, मळलेली माती

पुठ्ठ्याचे तालुके जुळवून जिल्हा तयार करणारी तिसरीतली मुलं सातारा-सांगलीकडच्या शाळांत नवलाची नाहीत. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तकच मुळी जिल्ह्यागणिक वेगळं. खेळ मात्र लंडनचा. 1760च्या दशकात जॉन स्पिल्सबरी या नकाशे कोरणाऱ्याने नकाशा लाकडी फळीवर चिकटवला आणि देशांच्या हद्दींवरून करवत फिरवली. तुकडे जोडायच्या सगळ्या कोड्यांचा उगम सहसा इथेच धरतात. ही चैन अर्थातच पैसेवाल्या घरांची.

भूगोल शिकायची दुसरी वाट स्वित्झर्लंडमधल्या इव्हेर्दाँ गावची. तिथल्या पेस्टालॉत्सी या शिक्षणतज्ज्ञाच्या शाळेतली मुलं आधी जवळच्या दरीत हिंडत, तिथली माती आणत आणि टेबलावर तीच दरी उभी करत. कागदी नकाशा त्यानंतर. पुढे मोठा भूगोलज्ञ झालेला कार्ल रिटर ही शाळा पाहून भारावला होता.

आपल्याकडे 1937च्या वर्धा परिषदेतून नई तालीम आली, हाताने काम करत शिकायचं म्हणून. पण पाठांतर काही सुटलं नाही. 2005च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर ज्ञानरचनावादाचा, म्हणजे मुलांनी अनुभवातून स्वतःच ज्ञान रचायचं या विचाराचा, बोलबाला झाला, आणि सातारा तालुक्यातलं कुमठे बीट, म्हणजे तिथल्या शाळांचा गट, बघायला राज्यभरातून शिक्षक येऊ लागले. फळ्याइतकीच फरशीही तिथे शिकवू लागली. गंमत म्हणजे दिवाळीत दारोदारी मातीचे किल्ले होतच होते. शाळेने त्यांना भूगोल म्हटलं नाही, इतकंच.

माझं मत मातीच्या बाजूने आहे. कोड्यातून माण तालुक्याच्या शेजारी आटपाडी तालुका हे कळतं. पण महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस आणि त्याच जिल्ह्यातल्या माणला जेमतेम पाचशे, हे का, ते पुठ्ठा सांगत नाही. पश्चिमेला सह्याद्री उभा केला, समुद्रावरचा वारा कुठून येतो ते बोटाने दाखवलं, की ढग घाटमाथ्यावरच का रिकामे होतात ते मुलंच सांगतात.

कोड्याचा एक उपयोग मात्र मातीला जमणार नाही. 1949 साली साताऱ्याचा दक्षिण भाग आणि आसपासची संस्थानं मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला, 1960 साली त्याचं नाव सांगली पडलं. त्याआधीचा नकाशा कापायला दिला, तर सांगली संस्थानाचे विखुरलेले मुलूख जुळवताना मुलांच्या नाकी नऊ येतील. आणि मग हद्दी कोण आखतं, हा प्रश्न चौथीतलं पोरही विचारेल.