ऑनलाइन बॅकअप, घरगुती

संगणक वा फोनमधील व्यक्तिगत फायलींची प्रत इंटरनेटवरून दूरच्या सर्व्हरवर ठेवण्याची, आणि मूळ फाइल गेल्यास ती परत मिळवण्याची व्यवस्था. गूगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स या मुख्यतः ‘सिंक’च्या सेवा होत : एका यंत्रावर पुसलेली फाइल सगळीकडून जाते, आणि गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ३० दिवस राहून कायमची नाहीशी होते. त्यांनाही बॅकअप म्हणण्याची रीत पडली आहे. ती काटेकोर नव्हे.

उगम : प्रती विखरून ठेवण्याची कल्पना संगणकाहून जुनी आहे. पोर्तुगीज अमदानीत गोवा-लिस्बन टपाल मोसमी वाऱ्यांवर चाले. जहाज बुडण्याचे वा शत्रूच्या हाती पडण्याचे भय असल्याने एकाच पत्राच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या जहाजांनी धाडत. अशा प्रतीला ‘व्हिया’ म्हणत. पहिली, दुसरी असा तिचा क्रमही नोंदवीत. या पत्रव्यवहाराची मोठी मालिका पणजीच्या पुराभिलेखागारात आहे. तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे, एक प्रत अन्यत्र हे आजचे ‘३-२-१’ सूत्र सहसा अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्या नावे सांगतात व त्याचा काळ २००५ च्या सुमारास धरतात. तथापि टेप दुसऱ्या इमारतीत ठेवण्याची संगणक केंद्रांची वहिवाट त्याआधीची असल्याने, क्रोग यांनी जुन्या रिवाजाला सुटसुटीत शब्द दिले हे मत अधिक ग्राह्य वाटते. व्हियांशी या सूत्राचे नाते जोडण्याचा मोह होतो, पण साम्य गरजेचे आहे, परंपरेचे नव्हे.

किल्लीचा प्रश्न : बहुतेक सेवा २००१ मध्ये अमेरिकेत प्रमाणित झालेले ‘एईएस’ कूटलेखन (किल्लीविना वाचता येऊ नये अशा रूपात फाइल बदलण्याची पद्धत) वापरतात, बहुधा २५६ बिटांच्या किल्लीचे. किल्ली किती लांब यापेक्षा ती कोणाकडे, हे महत्त्वाचे. ती कंपनीकडे असेल तर कंपनी फाइल उघडू शकते. ती वापरकर्त्याच्या यंत्राबाहेर न जाणाऱ्या सेवांना जाहिरातीत ‘झीरो नॉलेज’ म्हणतात. हा प्रयोग सैल आहे; गोल्डवॉसर, मिकाली व रॅकॉफ यांनी १९८५ मध्ये ही संज्ञा मांडली ती गुपित न उघडता ते आपल्याला ठाऊक असल्याचे पटवण्याच्या सिद्धतापद्धतीसाठी. ‘एंड-टू-एंड’ म्हणणे बरे. ॲपलने आयक्लाउड बॅकअपला अशी सोय डिसेंबर २०२२ मध्ये दिली, तीही ऐच्छिक. इथे किल्ली हरवली की कंपनीचाही इलाज चालत नाही.

निवड : रॅन्समवेअरने (खंडणीसाठी फायली अडकवून ठेवणाऱ्या घातक सॉफ्टवेअरने) बिघडवलेली फाइलही निमूटपणे वर चढते, म्हणून जुन्या आवृत्त्या किती दिवस राहतात ते पाहावे. खात्याला दुहेरी पडताळणी हवीच. सेवा बंदही पडतात. क्रॅशप्लॅन या बॅकअप कंपनीने घरगुती ग्राहकांची सेवा २०१८ मध्ये गुंडाळली.

गोव्यात : पोर्तुगीजकालीन जन्मनोंदी, जमिनीचे एक-चौदाचे उतारे, कोमुनिदादीचे (गावकीच्या सामाईक जमिनीच्या संस्थेचे) कागद, क्वचित देवस्थानचे मोडी दप्तर यांचे स्कॅन घरोघरी साठत आहेत. दमट हवेत कागद आणि घरातली हार्ड डिस्क दोन्ही धोक्यात असतात. १०० जीबी चढवायला १० एमबीपीएसच्या अपलोड वेगाने अखंड सुमारे २२ तास लागतात. पावसाळ्यात वीज गेली तर अर्धवट अपलोड तिथूनच पुढे नेणारी सेवा घ्यावी; पहिला बॅकअप मे महिन्यातच उरकलेला बरा. त्यानंतर एखादा उतारा दुसऱ्या यंत्रावर उतरवून, उघडून पाहावा.