घडीचा चाकू आणि शिकाऱ्याचा भरवसा

घडीच्या चाकूवर शिकाऱ्याने भरवसा टाकला तो फार उशिरा. ऑस्ट्रियातल्या हालश्टाटला सापडलेला हाडाच्या मुठीचा मिटणारा चाकू इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या आसपासचा मानतात. म्हणजे पाते मुठीत मिटवण्याची युक्ती अडीच हजार वर्षे जुनी. तरीही हरणामागे निघालेला अमेरिकी माणूस 1960 च्या दशकापर्यंत कमरेला म्यानातला अख्खा चाकूच बांधत असे. कोकणात माणूस कमरेच्या आकडीला कोयता अडकवून रानात शिरतो, त्यातही हाच हिशेब आहे. ओढला की हातात, आणि मधे सांधा नसल्यामुळे मिटायचा प्रश्नच नाही.

खोट होती ती सांध्यातच. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या कारागिरांनी 17 व्या शतकात मुठीच्या पाठीत लवचिक पोलादी पट्टी बसवायला सुरुवात केली. पाते उघडले की ही पट्टी त्याच्या बुडावर दाब देऊन ते उघडे ठेवते. मात्र ती पात्याला अडवत नाही. पाठीकडून जोर पडला की पाते मिटतेच. अशा चाकूला स्लिपजॉइंट म्हणतात. सफरचंद कापायला, काठी तासायला किंवा दोर तोडायला तो उत्तम. शिकार सोलताना मात्र हात रक्ता-चरबीने बुळबुळीत झालेले असतात, पाते कातडीखाली असल्यामुळे दिसत नाही आणि टोक हाडात अडकले की हिसका द्यावा लागतो. अशा वेळी पाते मिटले तर आधी बोटे जातात.

उघडलेले पाते अडवून धरणाऱ्या लॉकची कल्पना नव्हती असे मात्र नाही. स्पेनमधल्या नवाजा चाकूंना लॉक असे आणि त्यातले दातेरी लॉकवाले उघडताना कडकड वाजत. आपल्याकडे उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा चाकू असाच गाजला, पण त्याने घडीच्या चाकूचे नाव पुरते बिघडवले. हिंदी सिनेमावर वाढलेल्या आपल्या पिढ्यांना मिटणारा चाकू दिसला की शिकारी आठवत नाही, गल्लीतला दादा आठवतो.

फ्रान्सच्या साव्हुआ या डोंगराळ भागात जोसेफ ओपिनेलने 1890 मध्ये शेतकरी-गुराख्यांसाठी लाकडी मुठीचा साधा, हलका चाकू घडवला. 1897 पर्यंत त्याची 1 ते 12 अशी मापे ठरली. पुढे 1 आणि 11 नंबर बंद झाले. आजही सगळ्यांत जास्त ओळखीचा आहे तो 8 नंबर, साडेआठ सेंटिमीटर पात्याचा. फिरवून पाते अडवणारे पोलादी कडे त्याला मिळाले ते थेट 1955 मध्ये. तोवरची 65 वर्षे लोक नुसत्या घट्ट सांध्यावर भागवत होते.

शिकाऱ्याचे मन वळवले ते कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोच्या बक कुटुंबाने. हॉइट बक हा कॅन्ससमधला लोहाराचा शागीर्द. झिजलेल्या कानशींच्या पोलादातून तो चाकू घडवायचा. दुसऱ्या महायुद्धात त्याने सैनिकांसाठीही चाकू केले. त्याचा मुलगा अ‍ॅल याच्या काळात, 1964 मध्ये, ‘फोल्डिंग हंटर’ हे 110 नंबरचे मॉडेल बाजारात आले. पाते पावणेचार इंचांचे, मूठ काळ्या आबनुसाची, दोन्ही टोकांना पितळ. मुठीच्या पाठीतल्या पट्टीला पुढे एक दात आणि पाते पूर्ण उघडले की तो दात पात्याच्या बुडातल्या खाचेत बसतो. मागच्या टोकाला अंगठ्याने दाबल्याशिवाय तो सुटत नाही. पाठीत लॉक असलेले चाकू याआधीही बनत होते. बकने ते इतके दणकट केले की शिकाऱ्याला त्यात कमरेच्या चाकूची खात्री वाटू लागली. त्यानंतर या चाकूच्या नकलांना सुमारच राहिला नाही.

गंमत अशी की शिकाऱ्याला पटलेला हा खिशातला चाकू खिशात मावेना. वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास, उघडायला दोन्ही हात लागणार, आणि म्हणून तो कातडी पाकिटात घालून पुन्हा कमरेच्या पट्ट्यालाच लटकला!

110 चे पाते पुढे खोलगट कापलेले आणि टोकदार. भोसकायला, बारीक कामाला ते चांगले, पण पोट फाडताना हे टोक आतड्याला लागण्याची धास्ती असते, आणि आतडे फुटले तर मांस खराब होते. पात्याची पाठ टोकाकडे हळूहळू उतरती ठेवणारा आकार अमेरिकी कारागीर बॉब लव्हलेसने लोकप्रिय केला. आज शिकारीच्या बहुतेक चाकूंना तोच आकार दिसतो. माझे मत विचाराल तर पोलादाच्या नावांवर तासन्‌तास वाद घालण्यापेक्षा हा आकार आधी पाहावा. 110 ला सुरुवातीला 440सी पोलाद होते, आता साधारणपणे 420एचसी असते. ते लवकर बोथटते, पण दगडावर धारही लवकर धरते.

1981 मध्ये अमेरिकेतल्याच स्पायडर्को कंपनीने पात्याला गोल भोक आणि मुठीला क्लिप दिली. अंगठ्याने एका हाताने उघडणारा आणि खिशाच्या काठाला अडकणारा चाकू तेव्हापासून रुळला. त्याच दशकात चाकू कारागीर मायकेल वॉकरने मुठीच्या आतल्या पत्र्यानेच पाते अडवणारे लायनर लॉक सुधारून पुढे आणले.

एवढ्या खटपटीने आलेले लॉक ब्रिटनमध्ये मात्र अडचणीचे ठरते. तिथे तीन इंचांपर्यंतच्या धारेचा मिटणारा चाकू कारणाशिवाय बाळगता येतो, पण पाते लॉक होत असेल तर ही सूट नाही. बोटे वाचवणारी सोयच कायद्याच्या नजरेत शस्त्राची खूण! भारतात शस्त्र नियमांची रेषा वेगळी आहे. 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पाते शस्त्रात मोडते आणि घरगुती वा शेतीची अवजारे वगळली आहेत. शिकारीचा प्रश्न 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने जवळपास मिटवलाच. त्यामुळे मराठी माणसाच्या पिशवीतला चाकू कांदा चिरायला, दोरी तोडायला आणि चुलीसाठी काटक्या तासायलाच निघतो. त्याला दोनशे ग्रॅमचे पितळ कशाला हवे? हलका ओपिनेल पुरतो.

फक्त सह्याद्रीचा पाऊस लक्षात ठेवायचा. साध्या कार्बन पोलादाचे पाते ओले राहिले तर पाहता पाहता गंजते, म्हणून पावसाळ्यासाठी स्टेनलेसचे घ्यावे. मूठ मात्र लाकडी. पाणी पिऊन ती फुगते आणि पाते आत गच्च अडकून बसते, नख घालून ओढले तरी हलत नाही. साव्हुआच्या लोकांकडे यावर उतारा आहे. आधी कडे फिरवून लॉक सोडायचे, मग मुठीचे मागचे टोक टेबलावर नाहीतर दगडावर टक्‌कन आपटायचे, की पाते आपोआप थोडे बाहेर डोकावते.