वीज कंपनीतल्या तंत्रज्ञानप्रमुखाचं पद: मागची वीस वर्षं

राज्याच्या मालकीच्या वीज वितरण कंपनीत माहिती-तंत्रज्ञानाचा नवा प्रमुख आला की त्याच्या कारकिर्दीच्या चार ओळी छापून येतात. कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू, मग उपविभाग, मग चाचणी विभाग, मग मुख्यालय. या काळात कंपनीत वीज मोजण्याची पद्धतच बदलत गेली आणि ते ठाऊक असल्याशिवाय त्या ओळींमधून फारसं काही कळत नाही. महाराष्ट्रापुरतं सांगायचं तर आज या पदापर्यंत पोचणाऱ्या पिढीची घडण मुख्यतः २००५ ते २०१५ या दहा वर्षांत झाली, आणि तिच्यावर सर्वांत मोठा ठसा आहे २००८ सालच्या एका केंद्रीय योजनेचा.

त्याआधीचं थोडक्यात. राज्य वीज मंडळाच्या काळात संगणकाचं मुख्य काम होतं बिलं काढणं, त्यामुळे तो हिशेबाच्या बाजूला राहिला. फीडर म्हणजे सबस्टेशनातून निघणाऱ्या मुख्य वाहिन्या, सबस्टेशन, रोहित्रं (ट्रान्सफॉर्मर) ही अभियंत्यांची बाजू, आणि तिथे लॉगबुक चालायचं. फीडरवर किती वीज सोडली हे एकीकडे लिहिलं जाई, किती युनिटांचं बिल झालं हे दुसरीकडे. कोणता ग्राहक कोणत्या रोहित्रावर आहे, हे बहुतेक ठिकाणी लाइनमनलाच पक्कं ठाऊक असे. शेतीपंपांपैकी पुष्कळांना मीटरच नव्हता, आकारणी अश्वशक्तीवर होई. म्हणजे शेतीचा वापर अंदाजाने धरायचा आणि उरेल ती गळती. अंदाज वाढवला की गळती कागदावर आपोआप कमी दिसे.

६ जून २००५ रोजी मंडळाचं विभाजन होऊन निर्मिती, पारेषण आणि वितरणाच्या वेगळ्या कंपन्या झाल्या. तो काळ लोडशेडिंगचा होता. राज्याच्या वीज नियामक आयोगाने भारनियमनाची सांगड गळती आणि वसुलीशी घातली. जिथे गळती जास्त आणि वसुली कमी, तिथे अंधार जास्त तास. या एका नियमाने आकड्याला अचानक वजन आलं. पूर्वी वार्षिक अहवालात पडून राहणारी टक्केवारी आता एखाद्या गावाची संध्याकाळ ठरवू लागली. मग लोकप्रतिनिधी, ग्राहक संघटना, वर्तमानपत्रं सगळेच विचारू लागले: हा आकडा काढला कसा? उपविभागातल्या तरुण अभियंत्याकडे त्याचं उत्तर नसे, कारण ग्राहक आणि फीडर यांची जोडणी कुठे लिहिलेलीच नव्हती.

याच प्रश्नावर २००८ साली केंद्राने पुनर्रचित वीज विकास व सुधारणा कार्यक्रम आणला. खात्यात त्याला आजही ‘आर-एपीडीआरपी’ म्हणतात. एकूण आकार सुमारे ५१,५७७ कोटी रुपयांचा, त्यातले १०,००० कोटी ‘भाग अ’साठी. ३०,००० हून अधिक वस्तीची शहरं त्यात होती. अट अशी की आधी माहितीची यंत्रणा उभी करायची. शहराच्या वीजसीमेवर, म्हणजे वीज जिथून आत येते किंवा बाहेर जाते त्या प्रत्येक जागी, मीटर बसवायचे. फीडर आणि रोहित्रांवर मीटर, प्रत्येक खांबाची आणि प्रत्येक ग्राहकाची नकाशावर नोंद, डेटा सेंटर, ग्राहक सेवा केंद्र. गळतीचा आकडा माणसाचा हात न लागता निघाला पाहिजे. मोठ्या शहरांसाठी स्काडा, म्हणजे नियंत्रण कक्षातून दूरवरच्या यंत्रणेवर नजर ठेवून ती चालवणारी संगणकप्रणाली, होतं. तारा, रोहित्रं यांचं मजबुतीकरण ‘भाग ब’मध्ये. भाग अ वेळेत पुरा होऊन त्रयस्थ तपासणीत उतरला तर त्यासाठी केंद्राकडून मिळालेलं सगळं कर्ज अनुदानात बदलणार होतं. भाग ब मधलं निम्म्यापर्यंत कर्ज माफ होई, पण गळती १५ टक्क्यांपर्यंत आणून पाच वर्षं तिथे टिकवली तरच.

योजनेचा हेतू मला आजही योग्य वाटतो. वाद आहे तो ती राबवण्याच्या पद्धतीवर. वितरण कंपन्यांकडे संगणकाचं पुरेसं मनुष्यबळ नाही असं गृहीत धरून केंद्राच्या नोडल संस्थेने खासगी कंपन्यांची यादी केली, आणि त्या यादीतूनच अंमलबजावणी करणारी संस्था निवडायची असं ठरलं. सल्लागारही यादीतलाच. गुणवत्तेचा किमान दर्जा राहावा, प्रत्येक राज्याने वेगळा घोळ घालू नये, हा त्यामागचा विचार होता आणि तो पोकळ नव्हता. पण त्यामुळे काम एकगठ्ठा कंत्राटाने बाहेर गेलं. सॉफ्टवेअर बाहेरचं, सर्व्हर चालवणारे बाहेरचे, ग्राहकांची नोंद करत गल्लोगल्ली फिरणारी मुलंही उपकंत्राटदाराची. कंपनीच्या माणसाच्या वाट्याला आलं ते काम तपासणं, बिलं मंजूर करणं आणि त्रुटी कळवत राहणं. बहुतेक राज्यांत तीन वर्षांची मूळ मुदत पुरली नाही, ती वाढवावी लागली.

समर्थक म्हणतात, दुसरा मार्ग नव्हता. सरकारी वेतनश्रेणीत प्रोग्रामर टिकत नाहीत, आणि स्वतःची फळी उभी करायची म्हटलं तर आणखी दहा वर्षं गेली असती. हे खरं आहे. पण त्या दहा वर्षांत फळी उभी राहिली नाही, याची किंमत कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही. ग्राहकाची नोंद एकदा झाली, पण नवं कनेक्शन दिलं, रोहित्र हलवलं, फीडर तोडून दोन केले, की ती नोंद त्याच आठवड्यात बदलायला हवी. कंत्राट संपलं की हे करायचं कोणी? जिथे उपविभागाने ते काम आपलं मानलं तिथे नकाशा जिवंत राहिला. बाकी ठिकाणी तो भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरासारखा झाला.

आजच्या प्रमुखांच्या पिढीकडे या नजरेने पाहायला हवं. विजेची पदवी घेतलेला एखादा अभियंता त्या काळात प्रकल्पाच्या कक्षात बदलून गेला. टेंडरची भाषा शिकला, कंत्राटदाराशी भांडला. बिलिंगमधला ग्राहक क्रमांक आणि नकाशावरचा खांब जुळत का नाहीत हे शोधत बसला. दोन्ही बाजूंची भाषा बोलणारे असे लोक कंपनीत कमी होते आणि पुढे तेच वर आले. त्यांचं बळ करार हाताळण्यात आणि क्षेत्रीय अनुभवात आहे. स्वतः प्रणाली बांधण्याचा अनुभव मात्र त्यांना मिळू दिला गेला नाही. उणीव व्यक्तीची मानली जाते, पण ती व्यवस्थेने दिलेली आहे.

२०२१ नंतर पदाचा भार दोन बाजूंनी वाढला. जुलै २०२१ मध्ये सुधारित वितरण क्षेत्र योजना आली, ३,०३,७५८ कोटींची, आणि तिच्यात देशभर २५ कोटी स्मार्ट प्रीपेड मीटरांचं उद्दिष्ट होतं. मीटर बसवणारा पुरवठादारच गुंतवणूक करणार, मीटर आणि संपर्कयंत्रणा वर्षानुवर्षं सांभाळणार आणि प्रत्येक मीटरमागे दरमहा पैसे घेणार, अशी तिची रचना. म्हणजे २००८ चाच प्रश्न, पण आता प्रत्येक घराच्या भिंतीपर्यंत पोचलेला. महाराष्ट्रात विरोध झाला आणि जून २०२४ मध्ये सामान्य ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर बसवणार नाही असं सरकारने जाहीर केलं. पुढे पोस्टपेड स्वरूपात ‘टीओडी’ (टाइम ऑफ डे), म्हणजे वेळेनुसार वापर मोजणारे मीटर बसू लागले आणि २०२५ पासून घरगुती ग्राहकाला दिवसाच्या वापरावर सवलत आली. मीटर तोच, नाव बदललं, असा ग्राहक संघटनांचा आक्षेप आहे. कंपनीचं म्हणणं, प्रीपेड नाही आणि सवलत देण्यासाठी वेळेनुसार मोजणी लागतेच. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि त्याचा खुलासा द्यायला उभं राहतो तो तंत्रज्ञानप्रमुख.

दुसरी बाजू सुरक्षेची. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली. २०२१ च्या मार्चमध्ये राज्याच्या सायबर विभागाने घातपाताची शक्यता मांडली, तर केंद्राच्या ऊर्जामंत्र्यांनी मानवी चुकीकडे बोट दाखवलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्रीय पातळीवरून वीज क्षेत्रासाठी सायबर सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि स्वतंत्र सुरक्षा अधिकारी नेमणं बंधनकारक झालं. स्काडा आजवर संचालन अभियंत्यांच्या ताब्यात होतं, बिलिंग माहिती-तंत्रज्ञानाच्या. सुरक्षा अधिकाऱ्याला दोन्हीकडे शिरावं लागतं. नियंत्रण कक्षातली यंत्रणा सॉफ्टवेअर सुधारण्यासाठी वाटेल तेव्हा बंद करता येत नाही, हे बिलिंगमधून आलेल्या अधिकाऱ्याला शिकावं लागतं. आणि बाहेरच्या कंत्राटदाराला दिलेला दूरस्थ प्रवेश काम संपल्यावर बंद करायचा असतो, हे संचालनवाल्यांना.

नव्या प्रमुखाच्या टेबलावर म्हणून तीन काळांचे कागद एकाच वेळी असतात: २००८ च्या प्रकल्पातून उरलेले करार आणि नकाशे, मीटर पुरवठादारांची दरमहाची बिलं आणि सुरक्षा तपासणीचे अहवाल. यातल्या दुसऱ्या गठ्ठ्याची मुदत कोणाही एका अधिकाऱ्याच्या कार्यकाळापेक्षा लांब आहे. मीटरमधली माहिती करार संपल्यावर कोणत्या स्वरूपात कंपनीच्या हाती येणार, आणि ती वाचू शकणारी कंपनीची स्वतःची माणसं तोवर किती असतील, हे ठरवणारी भरती आताच सुरू व्हायला हवी.