चौदा दिवसांचा मुक्काम: नॅरोबोट काठाला बांधण्यामागचा इतिहास

कालवा म्हटले की आपल्याला धरणाचे पाणी, पाटकरी आणि उसाचे आवर्तन आठवते. इंग्लंडमधले जुने कालवे खोदले ते मालवाहतुकीसाठी. त्याच पाण्यावर आज हजारो लोक नॅरोबोटीत, म्हणजे लांबट, अरुंद बोटीत, घर करून राहतात. काठावर लोखंडी मेखा तिरप्या ठोकायच्या, पुढचा आणि मागचा दोर आवळायचा, की झाला मुक्काम. पण ज्यांच्याकडे स्वतःची कायमची जागा नाही, त्यांना साधारण चौदा दिवसांत त्या मेखा उपटाव्या लागतात. या नियमाची मुळे थेट घोड्यांच्या काळात जातात.

१७६१ साली ब्रिजवॉटरच्या ड्यूकने आपल्या वर्स्ली येथील खाणींतला कोळसा कालव्याने मँचेस्टरकडे न्यायला सुरुवात केली आणि तिथला कोळशाचा भाव जवळपास निम्म्यावर आला. मग कालव्यांची लाटच उसळली. त्या कालव्याचा अभियंता जेम्स ब्रिंडली याने पुढे ट्रेंट आणि मर्सी कालवा आखला. १७६६ मध्ये मंजुरी मिळालेला हा कालवा १७७७ मध्ये पूर्ण झाला. पाणी आणि खर्च वाचावा म्हणून त्यावरची बरीचशी लॉक, म्हणजे पाणी भरून-सोडून बोट वर-खाली नेणारे दारांचे हौद, जेमतेम सात फूट रुंद ठेवली गेली. बोटीही तेवढ्याच अरुंद झाल्या: रुंदी सात फुटांच्या आत, लांबी सत्तर फुटांच्या आसपास. आजच्या घरबोटीची रुंदी ठरली ती तेव्हाच.

बोट ओढायला घोडा असे, आणि काठाची पायवाट त्याचीच. वाटेच्या बाजूला बोट उभी राहिली तर मागून येणाऱ्याचा दोर तिच्यावर अडकायचा. पैसे मालाचे आणि खेपेचे मिळत, म्हणून थांबणे म्हणजे नुकसान. रात्री पागा असलेल्या पबजवळ बोट बांधायची, पहाटे सोडायची. जास्त वेळ उभे राहायचे ते धक्क्यावर, माल चढवताना-उतरवताना.

लंडनच्या रीजंट्स कालव्यावर मॅकल्सफील्ड पूल आहे. २ ऑक्टोबर १८७४ च्या पहाटे त्याच्याखालून बंदुकीची दारू नेणाऱ्या बार्जचा, म्हणजे मालवाहू बोटीचा, स्फोट झाला, तिच्यावरचे तिघे ठार झाले, पूल कोसळला. पुन्हा बांधताना तेच लोखंडी खांब वापरले, पण फिरवून बसवले. आडाच्या दगडावर दोर घासून पडतात तशा खाचा त्या खांबांवर आता दोन्ही बाजूंना आहेत: एका बाजूच्या स्फोटापूर्वीच्या, दुसऱ्या बाजूच्या नंतरच्या. कालव्याचा सारा इतिहास मला त्या खाचांत दिसतो.

रेल्वे आल्यावर कालव्यावरच्या मालवाहतुकीचे दर पडले. घरभाडे आणि मजुराचा पगार वाचवायला अनेक नावाड्यांनी बायकामुलांना बोटीवर आणले. सुमारे दहा फूट लांबीच्या केबिनमध्ये अख्खे कुटुंब राहू लागले. समाजसुधारक जॉर्ज स्मिथ यांनी या मुलांसाठी आवाज उठवला आणि १८७७ च्या कायद्याने बोटींची राहण्याची जागा म्हणून नोंदणी सुरू झाली. शाळेचा प्रश्न मात्र सुटेना, कारण बोट आज इथे तर उद्या तिथे.

१९४८ मध्ये बहुतेक कालवे सरकारी मालकीचे झाले. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे अनेक आठवडे गोठले आणि उरलीसुरली मालवाहतूकही जवळपास संपली. कालवे बुजले नाहीत याचे मोठे श्रेय १९४६ पासून त्यांच्यासाठी झगडणाऱ्या इनलँड वॉटरवेज असोसिएशनला जाते. १९६८ च्या कायद्याने काही कालवे सहलीच्या बोटींसाठी राखले. मग सुट्टीपुरते येणारे आले, आणि पुढे शहरातली भाडी न परवडणारेही.

१९९५ च्या कायद्याने दोन वाटा ठेवल्या. एक तर बोटीला कायमची जागा दाखवा, नाहीतर खरोखर प्रवास करत राहा आणि एका ठिकाणी सलग चौदा दिवसांपेक्षा जास्त थांबू नका. परिस्थितीनुसार वाजवी असेल तर आणखी मुदत मिळते. किती दूर जायचे, हे कायद्यात लिहिलेले नाही, आणि वाद तिथेच पेटतो. २०१२ पासून इंग्लंड आणि वेल्समधले बहुतेक कालवे सांभाळणाऱ्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टने २०२४ पासून कायमची जागा नसलेल्या बोटींच्या परवान्यावर जादा आकारही लावला.

काठ सर्वांचा आहे, तो कुणी कायमचा अडवू नये, हे मला पटते. पण ज्या घरात शाळकरी मूल आहे, तिथे दर पंधरवड्याला बोट हलवताना पालक आधी शाळेचे अंतर मोजतात. १८७७ च्या कायद्याला न सुटलेला प्रश्न त्याच पाण्यावर अजून उभा आहे.