खोक्यावरचा आकडा आणि हवेतली गर्दी

नवा वाय-फाय राउटर घेताना खोक्यावर ठळक छापलेल्या वेगाच्या आकड्याकडे आधी लक्ष जाते आणि पिढी बदलण्याचा लाभ त्याच आकड्यात मोजला जातो. तो आकडा प्रयोगशाळेतला असतो, हे एक झाले. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे एकाच हवेत अनेक उपकरणांनी एकमेकांना न अडवता कसे नांदावे, याच प्रश्नाभोवती वाय-फायची बरीचशी वाटचाल झाली आहे.

तिची सुरुवात 1985 मध्ये झाली. अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने 900 मेगाहर्ट्‌झ, 2.4 गिगाहर्ट्‌झ आणि 5.8 गिगाहर्ट्‌झच्या आसपासचे रेडिओलहरींचे पट्टे परवान्याशिवाय संदेशवहनासाठी मोकळे केले. यांपैकी 2.4 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात मायक्रोवेव्ह ओव्हन आधीच नांदत होते, त्यामुळे ती जागा तशी कुणाला फारशी नकोच होती. पुढे 1997 मध्ये 802.11 हे पहिले मानक आले, त्याचा वेग सेकंदाला जेमतेम 2 मेगाबिट होता. 1999 च्या ‘बी’ आवृत्तीने तो 11 वर नेला आणि त्याच वर्षी ॲपलने आयबुकमध्ये ही सोय दिल्यावर बिनतारी जाळे कार्यालयाबाहेर, घरात आले. भारतात 2.4 गिगाहर्ट्‌झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी 2005 मध्ये परवानामुक्त झाला.

खरी अडचण भिंतींची होती. खोलीत सोडलेली लहर सरळ तर पोचतेच, शिवाय भिंत, कपाट, छत यांवर आपटून किंचित उशिराने पुन्हा पोचते आणि हे प्रतिध्वनी मूळ संदेशात मिसळून तो बिघडवतात. माहितीचा एकच वेगवान ओघ न पाठवता तिचे अनेक संथ, समांतर ओघ करणे हा यावरचा उपाय 1999 च्या ‘ए’ आवृत्तीत आणि 2003 च्या ‘जी’ आवृत्तीत आला. 2009 च्या ‘एन’ने तर त्याच प्रतिध्वनींना कामाला लावले: अनेक अँटेना बसवून, वेगवेगळ्या वाटांनी येणाऱ्या लहरींवर वेगवेगळी माहिती एकाच वेळी पाठवता येऊ लागली. ज्या भिंती आजवर अडसर होत्या, त्यांचाच उपयोग करून घेणारी ही कल्पना या सगळ्या इतिहासातली सर्वांत देखणी वाटते.

दुसरी अडचण शेजाऱ्यांची. दाटीवाटीच्या सोसायटीत फोनवर नेटवर्कची यादी उघडली की वीस-पंचवीस नावे सहज दिसतात, आणि 2.4 गिगाहर्ट्‌झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल, म्हणजे पट्ट्याचे भाग, मात्र 1, 6 आणि 11 असे तीनच. वाय-फायचा नियम ‘आधी ऐका, मग बोला’ असा असल्याने एक उपकरण बोलत असताना त्या चॅनलवरच्या इतरांना थांबावे लागते. त्यातले जुने, संथ उपकरण तेवढ्याच माहितीसाठी हवा जास्त वेळ अडवून ठेवते. म्हणूनच 2013 नंतरची ‘एसी’ पिढी 5 गिगाहर्ट्‌झच्या ऐसपैस पट्ट्यात गेली. भारताने या पट्ट्यातील 605 मेगाहर्ट्‌झ 2018 मध्ये परवानामुक्त केले. पिढ्यांना वाय-फाय 4 (‘एन’), 5 (‘एसी’), 6 असे साधे क्रमांकही त्याच वर्षी मिळाले, आणि ते बरेच झाले.

वाय-फाय 6 चे प्रमाणन 2019 मध्ये सुरू झाले, तेव्हा भर गर्दीवर आला. या पिढीत राउटर एक चॅनल लहान तुकड्यांत विभागून एकाच फेरीत अनेक उपकरणांना सेवा देतो आणि लहान उपकरणांना ठरलेल्या वेळीच जागे होण्याची मुभा देऊन त्यांची बॅटरी वाचवतो. एकट्या लॅपटॉपला यातून मोठा फरक जाणवणार नाही. दहा-पंधरा उपकरणांच्या घराला जाणवेल, अर्थात ती उपकरणेही त्या पिढीची असतील तर.

सुरक्षेचा लाभ खोक्यावर क्वचितच ठळक छापतात. आरंभीच्या ‘वेप’ या कूटपद्धतीतले दोष 2001 मध्येच उघड झाले. तिच्या जागी 2004 मध्ये आलेली डब्ल्यूपीए 2 दीर्घकाळ टिकली, पण तिच्यात जोडणीच्या वेळची देवाणघेवाण टिपून घेतली की पासवर्डचे अंदाज नंतर निवांत तपासता येतात. आपल्याकडे पासवर्ड म्हणून घरातल्या कुणाचा तरी दहा आकडी मोबाइल नंबर ठेवण्याची रीत आहे आणि असा नंबर सक्षम संगणकाला काही तासांत सापडू शकतो. 2018 मध्ये जाहीर झालेल्या डब्ल्यूपीए 3 मध्ये प्रत्येक अंदाजासाठी राउटरशीच बोलावे लागत असल्याने ही वाट बंद होते.

2024 च्या आरंभी प्रमाणन सुरू झालेले वाय-फाय 7 एकाच वेळी दोन-तीन पट्ट्यांवर जोडणी ठेवू शकते. त्याचे 320 मेगाहर्ट्‌झ रुंदीचे चॅनल मात्र 6 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातच मिळतात. अमेरिकेने हा पट्टा 2020 मध्ये 1200 मेगाहर्ट्‌झ इतका खुला केला. भारताच्या दूरसंचार विभागाने त्याच्या खालच्या 500 मेगाहर्ट्‌झच्या परवानामुक्तीचे मसुदा नियम मे 2025 मध्ये प्रसिद्ध केले. एवढ्या जागेत असा रुंद चॅनल एका वेळी एकच पूर्ण बसतो. त्यामुळे वाय-फाय 7 चा राउटर घेताना तो कोणकोणते पट्टे वापरतो, हे खोक्याच्या मागच्या बारीक अक्षरांत वाचून घ्यावे, कारण केवळ 2.4 आणि 5 गिगाहर्ट्‌झवर चालणाऱ्या राउटरवरही 7 हा आकडा तितकाच ठळक असतो.